भरल्या पानावरून

गोलकबाबूंना या मुलखाचा राग आला तो बसमधून उतरायच्या आधीच. बस कुसुमपदरच्या चौकात थांबली, खिडकीतून भसकन एक वास आत आला, आणि त्यांनी नाकाला रुमाल लावून बायकोला विचारलं, "काय मेलंय गं इथे?"

मेलेलं काही नव्हतं. चौकातल्या टपरीमागे आंबवलेल्या बांबूच्या कोंबांचं कालवण रटरटत होतं. टपरीवाला टंकधर प्रधान कढईत वडे सोडत होता. त्याने हे ऐकलं आणि झारा तसाच हातात धरून तो म्हणाला, "मेलेलं नाही बाबू, आत्ता कुठे चवीला आलंय. वाटीभर देऊ?"

"नको!"

"कटकी दिसताय."

"कटक नाही. केंद्रापडा. कटकपासून साठ किलोमीटर आहे ते."

"म्हणजे कटकीच की," टंकधर म्हणाला आणि पुढचा वडा सोडला.

इथूनच बिनसलं. समुद्राच्या बाजूने जो कोणी येईल, मग तो पुरीचा असो की बालेश्वरचा, तो इथे कटकी. गोलकबाबूंनी दोन महिने घसा फोडून सांगितलं, केंद्रापडा, केंद्रापडा. काही उपयोग नाही. दूधवाला कटकी बाबू म्हणायचा, मिस्त्री कटकी बाबू म्हणायचा, आणि ऑफिसातल्या शिपायाने तर एकदा हजेरीच्या वहीत नावापुढे कंसात तसंच लिहून ठेवलं. राज्य एक, लिपी एक, मतदान एक, आणि माणसाला असं वागवायचं की जणू कुठल्या बेटावरून पोहत आलाय!

गोलक बिहारी राउत हा कालवा खात्यातला ओव्हरसियर. वय अठ्ठेचाळीस. आजवर बदल्या झाल्या त्या सगळ्या किनाऱ्यावरच्या, घरून डबा येईल इतक्या अंतरावर. या वेळी साहेबांनी एकदम राज्याच्या दुसऱ्या टोकाला, बरगडकडे फेकलं, तेही रथयात्रेच्या आठवड्यात. रथ चुकला तो जन्मात पहिल्यांदाच. त्या दिवशी संध्याकाळी ते घरात येरझाऱ्या घालत होते आणि हरप्रिया, त्यांची बायको, सामानाच्या खोक्यांवर बसून गुपचूप ऐकत होती.

"मासा नाही. जो आहे तो तळ्यातला, चिखलाची चव. सकाळी सात वाजता माणूस चहा पितो की हिरव्या मिरच्या चावत तांदळाचे वडे हाणतो? आणि ते दार! दार कशासाठी असतं? वाजवायला! इथे कोणी वाजवतंय का?"

दार न वाजवणाऱ्यांत पहिला नंबर हेम मावशीचा. समोरच्याच घरात तिचे दोन माग होते. सत्तरीची बाई, काटक, बोटं कायमची रंगाने काळी-तांबडी झालेली. ती आली की सरळ स्वयंपाकघरात. पातेल्यावरचं झाकण उचलायचं, आत डोकवायचं, मग बोलायचं.

"डाळीत भोपळा? आणि खोबरंपण?" पहिल्या दिवशी तिने हरप्रियाला विचारलं. "का गं, घरात कोणी आजारी आहे का?"

हरप्रियाला हसू फुटलं. गोलकबाबू बाहेरच्या खोलीत होते, त्यांना नाही फुटलं. ज्या डाळीवर त्यांचा पिंड पोसला तिला आजाऱ्याचं अन्न म्हणते म्हणजे काय! "सांगून ठेव तिला," ते रात्री जेवताना म्हणाले, "आमच्या घरात झाकणं झाकायला असतात."

"अहो, म्हातारी आहे. मायेने येते."

"माया आहे तर दार वाजवून येऊ दे."

त्यात आणखी एक पीडा होती. या गावात कुठलंही काम 'आज' होत नसे. गळकं छप्पर दाखवलं तर मिस्त्री म्हणे, नुआखाई होऊ दे बाबू, मग बघू. पडदे शिवायला टाकले, शिंपी म्हणे, नुआखाईनंतर. ऑफिसातल्या कारकुनाची पोरगी बघायला पाहुणे यायचे होते, तेही नुआखाईनंतर. गोलकबाबूंना नुआखाई म्हणजे सरकारी सुट्ट्यांच्या यादीतली एक तारीख, भाद्रपदातल्या पंचमीची. नवं भात खायचा सण, एवढं कळायला पंडित नको. आपल्याकडेही काही घरांत म्हातारी बाई देवापुढे मूठभर नवे तांदूळ ठेवते, हात जोडते, संपलं. त्यासाठी अख्ख्या गावाने दोन-दोन महिने हातावर हात ठेवून बसायचं? "नुआखाई नाही, झोपाखाई म्हणा," असं ते टंकधरला एकदा म्हणालेसुद्धा. टंकधर कधी नव्हे तो हसला नाही. कढईखालचा जाळ सारखा करत राहिला.

आता मूळ गोष्टीकडे येतो. गोलकबाबूंच्या या सगळ्या जळफळाटाच्या तळाशी एक दुखणं होतं, आणि ते दुखणं म्हणजे त्यांची आई. बोऊ म्हणायचे ते तिला, तिकडे सगळेच म्हणतात.

बोऊला माहेरहून अर्धा एकर मिळालेला. उंचावरची जमीन, साठ दिवसांत पिकणाऱ्या भाताची. ते भात ती कुणाला हात लावू द्यायची नाही. स्वतः पेरायची, स्वतः राखायची, आणि भाद्रपदात पहिली कापणी झाली की त्याच दिवशी गुळाची खीर करून अख्ख्या वाडीला जेवू घालायची. गेल्या वर्षी याच दिवसांत ती अंथरुणाला खिळली. खाणं सुटलं, पाणीसुद्धा चमच्याने. पण रोज सकाळी विचारायची, "गोलक, कापलं का रे?"

"आठ दिवस आहेत बोऊ."

"खीर करा हं त्याची. वाटीभर खाईन."

दुसऱ्या दिवशी परत तेच. सात दिवस, सहा दिवस. भाद्रपदाच्या शुद्ध द्वितीयेला ती गेली आणि भात कापलं गेलं ते तिच्या पाचव्या दिवशी. सुतकाचं घर, कोण खीर करतंय! भात कणगीत पडून राहिलं आणि गोलकबाबूंच्या छातीत ती वाटी अडकून बसली. एवढा मोठा ओव्हरसियर, शेकडो एकरांना पाणी सोडतो, आणि आईला एक वाटी खीर देता आली नाही. त्यांनी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, वर्षश्राद्धाला बोऊच्याच शेतातलं नवं भात, त्याचीच खीर, आणि निदान दहा माणसं पोटभर जेवतील. माणसं तृप्त झाली की गेलेल्याला पोचतं, असं गावचे भटजी सांगायचे.

केंद्रापड्यात दहा काय, शंभर माणसं जमली असती. पण रजा मिळाली नाही. पिकं पोटरीत, कालव्याला पाणी, ओव्हरसियर हलायचा नाही, असा साहेबांचा निरोप आला. गोलकबाबूंनी फोन आदळला. मग त्यांनी भावाला कळवलं, तांदूळ पाठव. आणि दोन महिने ज्यांच्या नावाने बोटं मोडली त्यांच्याकडेच आमंत्रण घेऊन जायची पाळी आली. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, इथे तर तोंडच नव्हतं.

हेम मावशी मागावर बसली होती. गोलकबाबूंनी दारातून चाचरत सांगितलं, उद्या आईचं वर्ष आहे, जेवायला यायचं, चार माणसं गोळा झाली तर बरं.

मावशीचे पाय मागाच्या खड्ड्यात थांबले. "आईचं वर्ष? मग विचारतोस काय असा परक्यासारखा? येणार. गल्ली येणार. टंकधर, तू आहेस का रे तिथे? उद्या टपरी बंद."

"बंद तर बंद," टंकधर पलीकडच्या टपरीतून ओरडला.

गोलकबाबू घरी आले आणि हरप्रियाला म्हणाले, "माणसं वाईट नाहीत गं तशी." एवढंच म्हणाले, पण दोन महिन्यांत पहिल्यांदा म्हणाले.

सकाळच्या बसने तांदळाचं गाठोडं आलं. सोडलं तर घरभर तो वास, ओल्या शेताचा, बोऊच्या पदराचा. हरप्रियाने मूठभर जगन्नाथाच्या तसबिरीपुढे ठेवले आणि उरलेले निवडायला घेतले. ऑफिसातले पंडा पुरीकडचेच, त्यांनी श्राद्ध सांगितलं, दक्षिणा घेतली आणि साइटवर जायचं म्हणून दोन घास खाऊन पळाले. परसात पिंड ठेवला. गोलकबाबू मनात 'ये बोऊ' म्हणतायत तोवर कावळा आला आणि शिवला. लगेच! क्षणाचाही उशीर नाही! त्यांना वाटलं, बोऊ वाटच बघत होती.

दुपारी अकरा माणसं आली. ओसरीवर दोन रांगा, पत्रावळी, पाणी. हेम मावशी पहिल्या रांगेत पहिली. टंकधर स्वच्छ सदरा घालून आलेला, त्यामुळे ओळखू येत नव्हता. भात वाढला, डाळ वाढली, आंबट वाढलं, आणि शेवटी हरप्रिया खिरीचं पातेलं घेऊन आली.

"मावशी, सावकाश जेवा. खीर हवी तेवढी आहे. नव्या तांदळाची आहे," ती कौतुकाने म्हणाली. "आठ दिवसांपूर्वी शेतात उभा होता."

मावशीचा हात भाताच्या ढिगाऱ्यावर होता, तो तिथेच राहिला. "नवा? याच सालचा?"

"हो तर! भातसुद्धा त्याचाच. सासूबाईंच्या शेतातला."

टंकधरने घास तोंडाजवळ नेला होता, तो त्याने परत पानात ठेवला. मावशीने बोटांना लागलेली शितं एकेक करून पानात झटकली, पत्रावळ दोन्ही हातांनी उचलून कपाळाला लावली, खाली ठेवली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली. ती उठली तशी सगळी रांग उठली. मग दुसरी.

गोलकबाबू पाण्याचा तांब्या घेऊन उभे होते. "मावशी? काय झालं?"

"बाबू, रागवू नकोस. आमचं अजून व्हायचंय..."

"काय व्हायचंय?"

"नुआ..."

पण गोलकबाबूंच्या तळपायाची आग मस्तकात पोचली होती. तांब्या आपटला, पाणी चौफेर उडालं. "भरल्या पानावरून उठता? श्राद्धाच्या पानावरून? अहो, वैरी उठत नाही! कावळा शिवला माझ्या आईच्या पिंडाला, आणि तुम्ही माणसं असून उठता! काय वाईट आहे अन्नात? सांगा ना! कटक्याच्या हातचं चालत नाही, हेच ना?"

"अरे, ऐकून तर घे," टंकधर पुढे झाला.

"काही ऐकायचं नाही मला! दोन महिने तुमचं ऐकतोय. चालते व्हा. पानं तशीच राहू द्या, मी बघतो काय करायचं ते. चालते व्हा म्हणतो ना!"

माणसं चपला शोधत निघाली. हेम मावशी सगळ्यांत शेवटी. तिने एकदा हरप्रियाकडे पाहिलं, एकदा भिंतीवरच्या बोऊच्या फोटोकडे, आणि पायऱ्या उतरली.

त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. गोलकबाबूंनी एक घास तोंडात घालायचा प्रयत्न केला, उतरेना, थुंकून टाकला. खिरीचं पातेलं हरप्रियाने गवळ्याच्या गायीपुढे रिकामं केलं. गाय चाटूनपुसून खात होती आणि ही पदराने डोळे पुसत होती. उरलेले चार-पाच किलो तांदूळ कालव्यात फेकून ये, असं गोलकबाबूंनी तिला सांगितलं. तिने हो म्हटलं आणि ते पापडाच्या डब्यात, पापडांच्या खाली दडवले.

"अहो, मी विचारून येऊ का मावशीला? काहीतरी कारण असेल."

"खबरदार. माझी आई दुसऱ्यांदा उपाशी गेली, याला कारण लागतं? पहिल्यांदा माझ्या नशिबाने, दुसऱ्यांदा या लोकांमुळे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी बदलीचा अर्ज लिहिला. पहिला मसुदा चार पानी झाला, त्यात इथल्या लोकांच्या सात पिढ्या होत्या. तो फाडला. दुसरा, प्रकृतीच्या कारणास्तव. टंकधर कालव्याच्या ऑफिसपर्यंत आला होता, दाराशी घुटमळला, "बाबू, दोन मिनिटं," म्हणाला. गोलकबाबूंनी शिपायाला सांगितलं, साहेब मीटिंगमध्ये आहेत म्हणावं. खोलीत ते एकटेच बसले होते आणि दार सताड उघडं होतं. टंकधरने ते पाहिलं आणि गेला.

पंचमी उजाडली. नुआखाई. सकाळी गल्ली इतकी शांत की माग नाही, कढई नाही, सायकलची घंटी नाही. चुली विझलेल्या. नऊ वाजून गेले, कुठूनसा शंख वाजला, मग दुसरा, मग घराघरांतून एकदम. अर्ध्या तासाने दारं उघडली आणि नव्या कपड्यांतली माणसं बाहेर पडली. धाकटे थोरल्यांच्या दारी चालले होते, वाकून पाया पडत होते, "जुहार, काका, जुहार" म्हणत होते. तीन वर्षं बांधावरून भांडणारे दोघे भाऊ, गोलकबाबूंनी स्वतः त्यांच्या बांधाची मोजणी केली होती, ते एकमेकांना मिठी मारून उभे होते. हे सगळं त्यांनी खिडकीच्या फटीतून पाहिलं. खिडकी त्यांनीच बंद केली होती.

"कुणी येऊ नका म्हणावं," ते स्वतःशीच म्हणाले. "आम्हाला नको तुमचा जुहार." पण फटीपासून हलले नाहीत. समोरून माणसं जात होती आणि त्यांच्या दारापाशी आली की पाय उचलून पुढे सरकत होती. हे बोचलं. हाकलून दिलेली माणसं येत नाहीत याचाही राग यावा, असा त्या दिवशी गोलकबाबूंचा राग होता.

अकराच्या सुमाराला दार धाडकन उघडलं. वाजलं नाही, उघडलं. हेम मावशी. अंगावर स्वतः विणलेलं नवं लुगडं, एका हातात कुड्याच्या पानांचा द्रोण, दुसरा कमरेवर. मागे टंकधर.

"आज धाकट्याने थोरल्याच्या दारी यायचं असतं," ती उंबऱ्यातूनच कडाडली. "मी सकाळपासून बसले. तू आला नाहीस. म्हणून सत्तर वर्षांची मी आले. लाज वाटते का?"

"मला?" गोलकबाबू ताडकन उठले. "लाज मला? माझ्या आईच्या पानावरून तुम्ही उठलात आणि लाज मला वाटावी?"

"हो, तुलाच! तू आम्हाला काय वाढलंस ते ठाऊक आहे? नवं भात. समलेईने खायच्या आधी. देवी जेवली नाही, पितर जेवले नाहीत, आणि आम्ही बकाबका खायचं? दोन महिने गाव तुझ्या कानीकपाळी ओरडतंय, नुआखाई, नुआखाई. मिस्त्री सांगतो, शिंपी सांगतो. एकदा तरी विचारलंस, काय असतं रे तुमचं? नाही. झोपाखाई म्हणालास. टंकधरने सांगितलं मला."

"सांगायचं होतं मग तेव्हाच! ओसरीवर!"

"तोंड उघडू दिलंस?" टंकधर मागून म्हणाला. "ऑफिसात आलो तर मीटिंग."

हे खरं होतं. पण राग एकदा चढला की उतरायला पायरी सापडत नाही. "नियम असेल. मान्य. पण माणूस मेलंय हो! श्राद्धाचं पान होतं. एक घास, एक घास घेतला असता तर तुमची देवी काय कोपली असती? माझी आई शेवटपर्यंत तेवढंच मागत होती. वाटीभर नवी खीर. मी देऊ शकलो नाही. तुम्हाला काय कळणार त्यातलं!"

मावशीचा कमरेवरचा हात खाली आला. ती उंबऱ्यातच बसली. टंकधर पायांकडे बघू लागला.

"मला कळणार नाही," ती म्हणाली. "ऐक मग. माझा म्हातारा गेला त्याला सहा वर्षं झाली. नुआखाईच्या दोन दिवस आधी. शेतात भात पिकून पिवळंधमक, वास घरापर्यंत यायचा. त्याला तो वास यायचा आणि तो मागायचा. हेम, मूठभर दे. मी नुआखाईपर्यंत निघत नाही. सूनबाई रडायला लागली, म्हणाली, आई, द्या, कोण बघतंय. मी नाही दिलं. जुन्या तांदळाची पेज दिली, त्याने तोंड फिरवलं. आणि गेला."

"चाळीस वर्षं ज्याच्याबरोबर मागावर बसले, त्याला मी नाही दिलं बाबू. आणि तुझ्या ओसरीवर बसून मी ते खाऊ? मग माझा म्हातारा मला काय म्हणेल? त्याच्यापेक्षा कटकी जवळचा झाला का, म्हणेल."

गोलकबाबू उभे होते ते भिंतीला टेकले. केंद्रापडा म्हणायचं त्यांना सुचलं नाही. त्यांना एवढंच दिसत होतं, मावशीने कपाळाला लावलेली ती पत्रावळ. हिणवते आहे, असं वाटलं होतं त्यांना तेव्हा.

"तुम्ही खाल्लंत का ते?" मावशीने नाक ओढत हरप्रियाला विचारलं.

"नाही. यांच्या घशाखाली उतरलंच नाही. सगळं गायीला घातलं."

"गाय चालते. मग तुमचीही नुआखाई राहिलीच आहे. तांदूळ?"

हरप्रियाने नवऱ्याकडे चोरून पाहिलं. "कालव्यात टाकायला सांगितले होते."

"टाकलेस?" गोलकबाबूंनी एकदम घाबरून विचारलं.

ती आत गेली आणि पापडाचा डबा घेऊन आली. गोलकबाबूंनी डब्यात हात घातला, पापड बाजूला केले, आणि मूठ भरून नाकाशी धरली. मग ते खाली बसले आणि अठ्ठेचाळीस वर्षांचा तो माणूस सगळ्यांसमोर ढसाढसा रडला. टंकधर म्हणाला, मी दूध आणतो, आणि पळाला. मावशी उठली, सरळ स्वयंपाकघरात गेली आणि झाकणं उचलायला लागली.

खीर दोघींनी मिळून केली. मावशीने द्रोणातला प्रसाद आधी गोलकबाबूंच्या हातावर ठेवला. मग ओसरीवर, त्या दिवशी जिथे रांग होती तिथेच, कुड्याची दोन पानं मांडली.

"एक तुझ्या आईचं. दुसरं माझ्या म्हाताऱ्याचं. पंक्तीला कोणीतरी हवं ना तिला. तूच पाणी सोड. आईचं नाव घे."

गोलकबाबूंनी हातात पाणी घेतलं. "बोऊ... सत्यभामा राउत," ते म्हणाले. मग थांबून विचारलं, "यांचं नाव काय, मावशी?"

"नवऱ्याचं नाव मी घेऊ? टंकधर, सांग रे."

"कपिल मेहेर," टंकधरने सांगितलं. गोलकबाबूंनी तेही नाव घेतलं आणि पाणी सोडलं.

मग त्या दिवशीची सगळी माणसं आली. टंकधरनेच बोलावलं असणार. दोन रांगा बसल्या, अकराच्या अकरा, आणि गोलकबाबू स्वतः पातेलं घेऊन वाढायला निघाले. पहिल्या रांगेत पहिली हेम मावशी. त्यांनी तिच्या पानात खीर वाढली आणि पुढे सरकलेच नाहीत. तिच्या हाताकडे बघत उभे राहिले. तिने घास घेतला, चघळला, गिळला, आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"गूळ कमी आहे. तुम्हा कटकी लोकांना गोडाची अक्कलच नाही."

"बोऊला असाच लागायचा," गोलकबाबू म्हणाले.

"मग बरोबर आहे," मावशी म्हणाली आणि पान पुढे केलं. "वाढ अजून."